साहेब चिडतील

भिवंडीत डॉक्टर मोठा की छोटा हे ओळखायला कुणी डिग्री बघत नसे. तो किती ओरडतो ते बघत. "बसा, काय होतंय?" असं विचारणारा डॉक्टर म्हणजे नवशिका, नाहीतर त्याच्याकडे कुणी फिरकत नसणार म्हणून बिचारा गोड बोलतोय. आणि जो पेशंटला तोंड उघडू देत नाही, नातेवाइकांना केबिनबाहेर काढतो, आधीच्या डॉक्टरचा कागद न वाचता बाजूला टाकतो, तो खरा सर्जन. असला एक खरा सर्जन आमच्या नशिबी धामणकर नाक्याजवळ होता. खाली कापडाची दुकानं, वर पहिल्या मजल्यावर त्याचं हॉस्पिटल. त्याच्याबद्दल बोलताना लोक आधी तो कुणाला काय बोलला ते सांगत आणि मग मान डोलावून म्हणत, "पण हाताला गुण आहे हां." त्या हाताची मी पुढे फार वाट बघितली.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. लाईट गेली की कामतघरचे सगळे लूम एकदम गप्प व्हायचे आणि दिवसभर खटखटीत बुडालेल्या माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं. मग आमच्या चाळीच्या ओट्यावर बैठक बसे, आणि बैठकीत कुणाला सर्जनने किती झापलं याची चढाओढ लागे. शेजारच्या मुसलमान मावशीचं, आमच्या खालाचं, पित्ताशय त्याने काढलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या इथलीच बाई, चांगलं मराठी बोलायची, पण सर्जनचं वाक्य सांगताना हिंदीत शिरायची, म्हणजे वजन पडतं. "मेरे को बोले, इतनी अक्कल होती तो बीमार पडती क्या? आणि हाकलली मला बाहेर." हे ती अशा थाटात सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, हिचा नाक्यावर सत्कारच झाला. दुसरा कुणी म्हणे, माझी तर फाईलच फेकली. लोक "अरे बापरे" म्हणून त्याच्याकडे आदराने बघत. मला हे ऐकून किळस यायची. शिव्या खाऊन पोट भरणारी माणसं मी दुसरीकडे कुठे बघितलेली नाहीत.

माझे बाबा या बैठकीत गप्प असायचे, कारण त्यांना तोवर कुठला सर्जन ओरडलेला नव्हता. ते जॉबर होते. म्हणजे लूम बिघडला, धागा सारखा तुटायला लागला, की बोलावणं जॉबरला. दिवसभर लूमांच्या रांगांमधून चालायचं, खाली वाकायचं, हात काळे करायचे. सगळं काम पायांवर. त्यात शुगर. आमच्या फॅमिली डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या, त्या बाबा आठवण होईल तेव्हा घ्यायचे. एक दिवस ते घरी आले आणि आई म्हणाली, "लादीवर लाल काय हाय?" बाबांच्या उजव्या तळव्यात तारेचा तुकडा घुसलेला होता. चपलेतून आरपार. तो कधी घुसला हे त्यांना माहीत नव्हतं, कारण पायाला काही कळतच नव्हतं. जखम भरेना, तेव्हा फॅमिली डॉक्टरने सर्जनकडे पाठवलं. खालाला हे कळल्यावर तिला आमच्यापेक्षा जास्त आनंद झाला.

मी तेव्हा दापोड्याला एका गोडाऊनच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर मालाच्या एन्ट्री करायचे. पहिल्या दिवशी सुट्टी टाकून मी आईबाबांबरोबर गेले. केबिनमध्ये सर्जन टेबलामागे बसलेला. कंपाउंडरने बाबांना बाकावर झोपवून पाय उघडा केला. सर्जन खुर्ची जराशी पुढे सरकवून आला, खिशातलं पेन काढलं आणि पेनाच्या टोकाने हवेतच जखमेभोवती गोल काढला. झाली तपासणी. पुढे कित्येक फेऱ्यांना मी हेच बघितलं. पेन. कंपाउंडर पट्टी सोडणार, कंपाउंडर धुणार, कंपाउंडर बांधणार आणि साहेब पेनाने दाखवणार. जो हात गुणाचा म्हणून अख्खी भिवंडी ओवाळत होती, तो म्हणे फक्त भूल दिलेल्या माणसाला लागायचा. शुद्धीवर असलेल्या माणसाच्या वाट्याला पेन.

"पाय टेकायचा नाही. ड्रेसिंगला यायचं. पुढचा."

आईने पदर सावरत विचारलं, "साहेब, खायला काय..."

"ते बाहेर विचारा."

बाहेर कंपाउंडरला विचारलं तर तो म्हणाला, साहेबांनाच विचारायला पाहिजे होतं. जिना उतरताना मी संतापले होते आणि बाबा खूश होते. "कामाचा माणूस हाय," ते म्हणाले. "फालतू बोलत न्हाय."

आता नळाबद्दल सांगायला हवं. हॉस्पिटलच्या समोर, रस्त्यापलीकडे, एका भय्याची चहाची टपरी होती आणि टपरीला लागून म्युनिसिपालिटीचा नळ. वर जाण्याआधी सर्जनचा प्रत्येक पेशंट या नळावर थांबायचा. कुणी तोंडातली तंबाखू थुंकून चूळ भरायचा. कुणी जखमेवरची हळद धुवायचा. कुणी गावातल्या वैदूने दिलेला पाल्याचा लेप खरवडून काढायचा आणि वर हॉस्पिटलचीच जुनी पट्टी गुंडाळायचा, म्हणजे जणू काल बांधल्यापासून कुणी हात लावलेलाच नाही. आणि गळ्यातले, दंडातले, पायातले दोरे सोडून चहावाल्याकडे द्यायचे. त्याचं कारण असं की सर्जनने एकदा कुणाच्या तरी दंडातला तावीज कात्रीने कापून कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. तेव्हापासून चहावाल्याने बिस्किटांची एक रिकामी बरणीच त्यासाठी ठेवली. आमच्या गावदेवीचे काळे दोरे, दर्ग्यावरचे तावीज, चांदीचे ताईत, सगळं त्या बरणीत एका जागी. परत येताना ज्याचं त्याने न्यायचं, चहा प्यायचा, घरी जायचं. "चचा, धागा इधर दो. आज साहब का दिमाग गरम है," असं तो आधीच सांगून ठेवायचा. शाळेत इन्स्पेक्शनला साहेब येणार म्हणून आम्ही वर्ग झाडायचो, तसली ही तयारी. फरक इतकाच की इथे आजार झाडून ठेवत होते, आणि तोच दाखवायला वर जात होते.

बाबांच्या उजव्या घोट्याला गावदेवीचा काळा दोरा होता, कवडी ओवलेला. दर जत्रेला आई नवा बांधायची. प्रत्येक फेरीला तो बरणीत जायचा आणि परत घोट्यावर यायचा. जखमेवर गावातल्या एका बाईने दिलेला लेपही असायचा, तो आई नळावर धुवायची. वर गेल्यावर सर्जन पेन फिरवून म्हणायचा, "बघा, कशी स्वच्छ आहे. माझं ऐकलं की असं होतं." आई माझ्याकडे चोरून बघायची. मी एकदा म्हटलं, "आई, सांग ना त्यांना, तू पायाला काय लावतेस ते." ती म्हणाली, "गप. साहेब चिडतील."

हे दोन शब्द आमच्या घराने देव्हाऱ्यात ठेवले होते. पाय टेकायचा नाही असं सांगितलेलं असताना बाबा दोन दिवसांआड कारखान्यात जाऊन येत, पण ते सांगायचं नाही, साहेब चिडतील. रात्रीची गोळी राहिली, सांगायचं नाही. आणि मग थंडी आली आणि बाबांचा पाय गार पडायला लागला. आईला त्याची काळजी लागली. तिच्या माहेरी, खाडीकडच्या गावात, गार पडलेल्या अंगाला मिठाच्या पुरचुंडीचा शेक देतात. तव्यावर जाडं मीठ तापवायचं, फडक्यात बांधायचं, दाबत राहायचं. पण ती शहाणी बाई, तिला वाटलं आधी विचारावं. पुढच्या फेरीला तिने धीर केला. मी तिथेच उभी होते, म्हणून शब्द न्‌ शब्द आठवतो.

"साहेब, यांचा पाय गार पडतो. तर म्हटलं शेक..."

सर्जनने मान वर केली. "डॉक्टर तू आहेस की मी?"

"तुम्ही, साहेब."

"मग?"

झालं. एक प्रश्न होता. त्याला उत्तर होतं चार शब्दांचं: शेक अजिबात देऊ नका. ज्या पायाला तार घुसलेली कळत नाही त्याला चटका कळणार नाही, हे त्याला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? पेनाने टेबलावर टकटक करायला वेळ होता, हे सांगायला नव्हता. मी तोंड उघडलं, तर बाबांनी डोळे वटारले आणि कंपाउंडरने पुढच्या माणसाला हाक मारली.

आईने घरी जाऊन विचार केला. साहेब नको म्हणाले नाहीत. म्हणजे चालेल. तिने मीठ तापवलं.

बाबा खुर्चीत बसून टीव्ही बघत होते आणि आई पाय शेकत होती. त्यांना ऊबसुद्धा लागत नव्हती, म्हणून ती अजून तापवून आणत होती. सकाळी तळव्याला आणि टाचेला मोठे फोड आलेले होते. हे मला कुणी सांगितलं नाही. मला सांगितलं तर मी हॉस्पिटलात घेऊन जाईन, आणि हॉस्पिटलात नेलं तर साहेब विचारतील हे कसं झालं, आणि मग साहेब चिडतील. दोघांनी मिळून ठरवलं की थोडं सुकू दे, मग जाऊ. असला पाय घेऊन त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने जायचं? जखम जरा बरी दिसायला लागली की डॉक्टरला दाखवायची. हा हिशेब जगात फक्त आमच्याच लोकांना सुचू शकतो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. खालालाही ठाऊक होतं. तिने डेटॉल आणून दिलं आणि मूग गिळून बसली.

ड्रेसिंगला जातोय असं मला सांगून ते दोघं घरीच बसत होते. मी सकाळी दापोड्याला, संध्याकाळी घरी, आणि बाबांच्या पायावर कायम चादर. मग एका रविवारी सकाळी त्यांना हुडहुडी भरली आणि आई चादर बदलताना मला वास आला. मी चादर ओढली. टाच काळी पडली होती आणि लाली पोटरीच्या दिशेने वर चढत होती. आई भिंतीला टेकून रडायला लागली. बाबा तापात होते तरी म्हणाले, "उद्या बरा असंल. उद्या जाऊ." मी खाली जाऊन रिक्षा घेऊन आले. त्यांचा पाय वाचतो की नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आणि त्या अवस्थेत, सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही, बाबांनी रिक्षा नळापाशी थांबवायला लावली. मागून गाड्या बोंबलतायत, रिक्षावाला करवादतोय, मी ओरडतेय, आणि आई ओल्या फडक्याने पायावरची हळद पुसतेय. बाबांनी घोट्याचा दोरा सोडला आणि चहावाल्याकडे दिला. चहावाल्याने पाय बघितला. दोरा बरणीत टाकला आणि एका बाजूने बाबांना उचलायला आला.

सर्जनने त्या दिवशी लांबूनच पाहिलं. पेनसुद्धा काढलं नाही.

"इतके दिवस काय झोपला होतात? हे काय केलंय?"

आई म्हणाली, "शेक दिला, साहेब."

"शेक! अडाणी लोक. कुणी सांगितलं होतं शेक द्यायला? आता पाय काढावा लागेल. गुडघ्याच्या खाली. सही कोण करणार?"

अशा भाषेत सांगितलं त्याने. सही कोण करणार, इतक्या सहज. बाबा तिथेच स्ट्रेचरवर होते आणि पाय त्यांचा होता, पण बोलणं चाललं होतं पंख्याकडे बघून. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "तिने तुम्हाला विचारलं होतं. याच केबिनमध्ये. तुम्ही म्हणालात, डॉक्टर तू की मी. तेव्हा एकदा नाही म्हणाला असतात तर आज हा पाय जागेवर राहिला असता."

सर्जनने माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं. "बाहेर लाईन बघितलीस? एकेकाला लेक्चर देत बसू?"

"लेक्चर नको होतं. चार शब्द हवे होते."

तो पुढे काही बोलणार तेवढ्यात स्ट्रेचरवरून बाबांचा आवाज आला. त्यांनी हात जोडले होते. तापाने डोळे लाल, ओठ सुकलेले, आणि ते सर्जनला म्हणत होते, "साहेब, माफ करा. पोरगी शिकलेली हाय. तिला काय समजत न्हाय."

मला त्या क्षणी सर्जनपेक्षा बाबांचा राग जास्त आला, हे मी लपवत नाही. अजूनही येतो. मी सही केली, कारण पायाबरोबर माणूस गेला असता.

पाय काढला. ऑपरेशन चांगलं झालं, टाके सरळ, जखम भरत आली. हाताला गुण होताच, त्याबद्दल वाद नाही. घरी आल्यावर लाईट गेली की चाळीतली माणसं बाबांना बघायला यायची आणि बाबा खाटेवर उशीला टेकून सांगायचे, "मला काय बोलले माहितीय? बोलले, तुझ्याएवढा मूर्ख पेशंट मी आयुष्यात न्हाय बघितला." थोडं थांबायचे. "आयुष्यात." लोक "अरे बापरे" म्हणायचे. खालाचं हाकलून देणं या वाक्यापुढे फिकं पडलं. चढाओढ बाबांनी जिंकली होती. त्यासाठी एक पाय गेला, इतकंच.

डिस्चार्जच्या दिवशी चहावाला रस्ता ओलांडून रिक्षापाशी आला होता. मुठीत बाबांचा दोरा. "चचा, आपका धागा," असं म्हणून त्याने हात पुढे केला आणि मग त्याचं लक्ष खाली गेलं. तो हात मागे घेऊ की नको अशा पेचात पडला. आईने दोरा घेतला. घरी आल्यावर तिने तो बाबांच्या डाव्या घोट्याला बांधला, घट्ट, दोन गाठी मारून.

टाके काढायच्या दिवशी मी पुन्हा रजा टाकली. निघायच्या आधी स्वयंपाकघरात आई मला हळूच म्हणाली, "डावा पण गार लागतो गं. बोटांकडं." मी तिला विचारलं, शेक दिलास का? तिने दोन्ही कान धरले. मग म्हणाली, "यांनी सांगू नको म्हटलंय. आधीच एवढा त्रास दिला साहेबांना."

रिक्षा नाक्यावर आली आणि बाबा म्हणाले, "नळाशी थांबव." थांबली. मला म्हणाले, "वाक जरा, दोरा सोड." मी म्हटलं, "मी सोडणार नाही. असंच वर जायचं." त्यांनी आईकडे बघितलं. आई दुसरीकडे बघायला लागली. मग बाबांनी एका हाताने रिक्षाची दांडी धरली, श्वास रोखून वाकले आणि शिल्लक राहिलेल्या पायाचा दोरा स्वतः सोडला. आईच्या दोन गाठी सुटायला वेळ लागला. चहावाल्याने बरणी पुढे केली.

वर केबिनमध्ये कंपाउंडरने टाके काढले. सर्जनने पेन फिरवलं. "छान. काही त्रास?"

"काय न्हाय, साहेब. एकदम मस्त."

"चला, पुढचा."

"डावा पाय गार पडतोय," मी म्हटलं. "आम्ही दोरे, लेप, हळद सगळं खाली नळावर सोडून येतो, म्हणून तुम्हाला सगळे पाय स्वच्छ दिसतात. हा गार आहे. हात लावून बघा."

बाबा माझ्याकडे असे बघत होते की मी त्यांची चोरीच पकडून दिली. सर्जनने पेन पुढे केलं. मी म्हटलं, "पेनाला गार लागत नाही." बाहेर लाईन होती, दार उघडं होतं, दारातली माणसं ऐकत होती. कदाचित त्यामुळेच असेल, तो उठला. पेन खिशात ठेवलं, टेबलाला वळसा घालून आला, बाबांसमोर खाली वाकला आणि हात पुढे केला.

आणि बाबांनी पाय मागे ओढला. घाईघाईने खुर्चीखाली, धोतरात लपवला. चेहरा शरमेने काळाठिक्कर. हात जोडून म्हणायला लागले, "न्हाय साहेब, न्हाय. तुम्ही माझ्या पायाला हात न्हाय लावायचा."

मी लादीवर बसले, तो पाय खुर्चीखालून ओढून काढला आणि दोन्ही हातांनी सर्जनसमोर धरून ठेवला. खरंच गार होता.